‘हिंदमाता, आत्ता’: एका फोटोपासून सुरू झालेला आमच्या आठवीचा पावसाळा

परळ-लालबागच्या पट्ट्यातल्या एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत मी विज्ञान आणि भूगोल शिकवते. दुपारचं सत्र, आठवीचा वर्ग, पटावर 42 मुलं. बहुतेकांची घरं चाळींत, काहींची पुनर्विकासात झालेल्या टॉवरांमागच्या पुनर्वसन इमारतींत. हे प्रकरण गेल्या पावसाळ्यातलं आहे. डिजिटल साक्षरता नावाचा विषय आमच्याकडे एरवी सायबर सुरक्षेच्या एका भित्तिपत्रकापुरता उरतो. यावेळी तो तीन महिने पुरला, आणि त्यात माझ्या हातून दोन मोठ्या चुका झाल्या. त्या चुकांमुळेच हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

फोटो

जुलैतल्या एका सकाळी साडेनऊच्या सुमारास पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक फोटो आला. कमरेएवढ्या पाण्यात अडकलेली बेस्टची लाल डबलडेकर, आजूबाजूला टॅक्स्यांची नुसती टपं दिसतायत. खाली मजकूर: ‘हिंदमाता, आत्ता. शाळांना सुट्टी जाहीर. पुढे पाठवा.’

त्या दिवशी पाऊस होता, पण परळजवळच्या हिंदमाता चौकात पाणी साचलेलं नव्हतं. मी त्याच रस्त्याने चालत शाळेत आले होते. वर्गात मात्र 17 मुलं होती.

घरी थांबवणाऱ्या पालकांना दोष द्यायला माझं मन तयार नव्हतं. हिंदमाताला पाणी तुंबतं हे या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. 29 ऑगस्ट 2017 च्या पुरात एल्फिन्स्टन रोडजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला, ते इथे कुणी विसरलेलं नाही. ज्या आईला ते आठवतं ती असा फोटो बघितल्यावर पोराचं दप्तर खुंटीलाच ठेवणार. थाप गळी उतरली कारण ती इथल्या खऱ्या भीतीवर बेतलेली होती. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असं फळ्यावर लिहून अशा भीतीचं काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी भूगोलाचा तास बाजूला ठेवून तो फोटो प्रोजेक्टरवर लावला. खोटी बातमी कशी ओळखावी याचे मुद्दे मी रात्री कागदावर काढून आणले होते. ते वाचायची वेळच आली नाही. तिसऱ्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “बाई, ही बस आता धावतच नाही.”

त्याचे वडील बेस्टमध्ये कंडक्टर. डिझेलवरच्या जुन्या डबलडेकरची शेवटची फेरी 15 सप्टेंबर 2023 ला झाली, तेव्हा पप्पांनी त्याला मुद्दाम बघायला नेलं होतं. आता रस्त्यावर असलेल्या डबलडेकर विजेवरच्या आहेत, वातानुकूलित, काचा बंद असलेल्या. फोटोतल्या बसच्या वरच्या मजल्यावर एक माणूस खिडकीतून कोपर बाहेर काढून बसला होता. “मग आत्ताचा कसा असेल हा फोटो?” तो म्हणाला. हा मुलगा एरवी नकाशावर कोकण दाखवायला उभं केलं तरी गप्प राहायचा.

त्यानंतर वर्ग आवरेना. बाबासाहेब आंबेडकर रस्त्यावर फुलांचा धंदा असलेल्या घरातली मुलगी पुढे येऊन भिंतीवरच्या प्रकाशात बोट फिरवू लागली. हिंदमाताची कापडाची दुकानं कुठे आहेत? उड्डाणपुलाचे खांब कुठे आहेत? मागच्या इमारतीचा कोपरा तिने कधी पाहिलेला नव्हता. म्हणजे वेळ तर खोटी होतीच, जागेबद्दलही शंका होती.

मग मी फोन बाहेर काढला. गूगल लेन्सने (फोटो देऊन तो आणखी कुठे आहे ते शोधणारं साधन) तोच फोटो काही वर्षांपूर्वीच्या पानांवर दाखवला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एकीने विचारलं, “पण त्या पानांनी तरी तो त्याच दिवशी काढलाय कशावरून?” प्रश्न अगदी बरोबर होता. लेन्सच्या शोधातून इतकंच ठरतं, की फोटो अमुक दिवशी जगात होता. तो त्याआधी कितीही जुना असू शकतो. फोटो काढल्याची वेळ आणि जागा फोटोच्या फाइलमध्ये नोंदलेली असते हे काहींनी ऐकलं होतं. पण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ती नोंद पुसली जाते. आमच्याकडे आलेल्या फोटोत काहीच नव्हतं. मजकुरावर मात्र दोन बाणांची खूण होती, म्हणजे तो निदान पाच हातांतून फिरून आला होता. अशी खूण असलेला संदेश एप्रिल 2020 पासून एका वेळी एकाच ठिकाणी पुढे धाडता येतो. तरीही तो आमच्यापर्यंत पोचला, म्हणजे खूण लागल्यापासून प्रत्येकाने तो मुद्दाम, एकेक ठिकाण निवडून पाठवला होता. या विचाराने मुलं थोडी गंभीर झाली. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी स्वतःही तो पाठवला होता.

माझ्या नियमांच्या यादीत ‘फोटो उलट शोधा’ हा पहिला मुद्दा होता. त्या दिवसापासून मी तो खाली ढकलला. आधी डोळे, आधी आपला रस्ता, आपली बस, आपली दुकानं, फोन मागाहून. मराठी माध्यमातली मुलं इंग्रजी साधनांपुढे उगीच दबून राहतात. परळच्या फोटोची पारख परळचं पोर कुठल्याही यंत्राआधी करू शकतं, हे त्यांना एकदा दिसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

बाटल्या आणि शब्द

पोरांना आता रोज एखादा खोटा फोटो पकडायचा होता. मला ते पुरेसं वाटत नव्हतं. दुसऱ्याचं खोटं शोधण्यात पोलिसगिरीची मजा असते, पण त्यातून हातात काही तयार होत नाही. बसवाल्या मुलानेच वाट दाखवली. “मग खरा किती पाऊस पडला ते कोण सांगणार?”

आम्ही पर्जन्यमापक बनवले. दोन लिटरची सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घ्यायची, मानेखाली कापायची, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. बुडाला खडे टाकून सपाट होईपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची रेघ. बाहेरून पट्टी चिकटवायची. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजतात. आमची शाळा दुपारची, त्यामुळे वेळ जमून गेली.

गणिताच्या सरांनी यात रस घेतला. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. हवामान खात्याच्या हिशेबात 64.5 मिलिमीटरला मुसळधार पाऊस सुरू होतो. 400 चौरस मीटरच्या गच्चीवर तेवढा पडला तर 25,800 लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकर. उन्हाळ्यात चाळीत टँकर आला की काय धावपळ उडते ते मुलांना माहीत होतं. वर्ग क्षणभर शांत झाला आणि मग एकाने विचारलं, “बाई, मग ते सगळं गटारात का सोडतो आपण?” तो धागा मी तेव्हा धरला नाही. अजून मनात आहे.

आकड्याबरोबर रोज एक शब्द लिहायचा असं मी ठरवून दिलं. रिपरिप, भुरभुर, झिमझिम, सर, झड, मुसळधार, उघडीप. घरात जो शब्द वापरतात तोच लिहायचा, पुस्तकातला नको. या एका अटीने वह्यांना जीव आला. कुणाची आजी जूनच्या पहिल्या पावसाला अजून ‘आगोट’ म्हणते, आणि आगोटीची तयारी म्हणजे सुकट, कोकमं, लाकडं भरून ठेवणं हे तिने नातवाला अर्धा तास सांगितलं. त्याने ते फोनवर रेकॉर्ड करून आणलं.

तीन आठवड्यांनी शब्द आणि आकडे समोरासमोर ठेवले तेव्हा भांडण पेटलं. एका शनिवारी दिवसभर नुसती रिपरिप होती. बाटलीत भरले 38 मिलिमीटर. त्याच आठवड्यात संध्याकाळच्या ज्या सरीने सगळ्यांची दप्तरं भिजवली ती होती 9 मिलिमीटरची. “सर मोठी होती!” “बाटली सांगते रिपरिप मोठी!” पावसाचं प्रमाण वेगळं आणि त्याचा जोर वेगळा, हा धडा मी दरवर्षी आकृती काढून शिकवते. त्या वर्षी तो मुलांनी भांडून काढला. त्यामागोमाग पाणी का तुंबतं हेही आपोआप आलं. मुंबईतली जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला सुमारे 25 मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली. शहराच्या पर्जन्यजलवाहिन्या सुधारण्यासाठीच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानंतर ती क्षमता 50 पर्यंत नेण्याचं काम हाती घेतलं गेलं. दिवसभराची रिपरिप नाल्यांतून वाहून जाते. तेवढंच पाणी एका तासात आलं, आणि नेमकी साडेचार मीटरच्या वरची भरती असली, तर समुद्र ते पाणी आत घेत नाही. शिवाय परळ आणि वरळी ही एके काळी वेगवेगळी बेटं. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्ड नावाचा बांध घालून वरळीची खिंड बुजवली, मग मधली खाजणं भरली. ती सखल जमीन अजून सखलच आहे.

घरोघरी 26 जुलै 2005 बद्दल विचारून या, असंही सांगितलं होतं. त्यावेळी ही मुलं जन्मलेलीही नव्हती. कुणाचे आजोबा कुर्ल्याहून रुळांवरून चालत आलेले, कुणाची आई रात्रभर ऑफिसच्या टेबलावर बसलेली. एका मुलीचे आजोबा मात्र ठासून म्हणाले, “आमच्या कुलाब्याला काय विशेष पाऊस नव्हता.” वर्गाने त्यांना खोटं ठरवलं. मग आम्ही नोंदी पाहिल्या: त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर, कुलाब्याला सुमारे 73. पंचवीसेक किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक. आजोबा खरं सांगत होते. ‘मुंबईत आज किती पाऊस?’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं, हे त्यानंतर मला वेगळं समजवावं लागलं नाही.

118

ऑगस्टच्या सुरुवातीला मुलांनी मागणी केली: आपण रोज पोस्ट टाकू. शाळेच्या इन्स्टाग्राम पानावर एक कार्ड (आकडा, शब्द, ठिकाण) आणि मुलांच्याच आवाजात चाळीस सेकंदांचं निवेदन. तेच पालकांच्या गटावर. खातं माझ्या हातात, मुलांचे चेहरे नाहीत, इमारतीचं नाव नाही. पहिले दहा दिवस झकास गेले. मथळा, चित्र, आवाज यांसाठी टोळ्या पडल्या. शब्द निवडणारी टोळी सर्वात भांडकुदळ.

मग एका सकाळी लालबागच्या एका मुलाचा आकडा सर्वांत आधी आला: 118 मिलिमीटर. रात्री पाऊस दणकून झालाच होता. हवामान खात्याच्या वर्गवारीत 115.6 च्या वर गेला की तो अतिमुसळधार. कार्ड बनवणारी टोळी उत्साहाने पेटली होती आणि मीही. बाकीचे आकडे येण्याची वाट न बघता आठ चाळीसला आम्ही पोस्ट टाकली: ‘लालबागमध्ये अतिवृष्टी! 118 मिमी.’

नऊनंतर इतरांचे आकडे यायला लागले. 36. 41. 39. त्याच गल्लीतली दुसरी बाटली, 40.

मुलगा खोटं बोलला नव्हता. त्याने बाटली चाळीच्या गॅलरीच्या कठड्यावर ठेवली होती, बरोबर पागोळ्यांखाली. पत्र्यावरचं सगळं पाणी त्या बाटलीत उतरत होतं. त्याच्या सोसायटीने गच्चीची किल्ली द्यायला नकार दिला म्हणून त्याने ती जागा निवडली होती, आणि हे मला सांगितलंही होतं. मीच ‘चालेल’ म्हणाले होते.

मी पोस्ट काढली, दुरुस्ती टाकली. पण दुपारी शाळेत आले तर शिपाईमामा विचारतात, “बाई, 118 म्हणे? आमच्या मंडळाच्या ग्रुपवर आलंय, शाळेने सांगितलं म्हणून.” कुणीतरी कार्डाचा स्क्रीनशॉट काढला होता. ‘शाळेने सांगितलं’ हे शब्द वाटेत कुणीतरी जोडले. माझ्या पोटात गोळा आला. महिन्यापूर्वी ज्या कारणासाठी आम्ही सगळे चिडलो होतो, तेच आता आमच्या नावावर फिरत होतं.

त्या तासाला मुलांसमोर उभं राहून चूक माझी आहे हे सांगणं मला जड गेलं. सांगितलं. बाटलीवाला मुलगा रडवेला झाला होता. त्याच्या शेजारचा त्याला म्हणाला, “तू वाचलंस ते बरोबर वाचलंस, बाटली चुकीच्या जागी होती.” मापन आणि मापनाची जागा यांतला फरक यापेक्षा चांगला मला सांगता आला नसता.

पुढचा आठवडा मुलांनी एकच काम केलं. आपल्या घरच्या, मंडळाच्या, सोसायटीच्या गटांवर चूक पोचली का आणि दुरुस्ती पोचली का, याची विचारपूस. चूक निम्म्याहून जास्त घरांत पोचली होती. दुरुस्ती पाच घरांत. का? मुलांनी दोन्ही पोस्ट शेजारी ठेवल्या. चुकीच्या पोस्टला उद्गारचिन्ह होतं, लाल रंग होता, ‘अतिवृष्टी’ हा शब्द होता. दुरुस्ती राखाडी रंगात, तीन ओळींत. “दुरुस्ती आपण लाजत लाजत टाकली, बाई,” मथळेवाली म्हणाली. त्यांनी ती नव्याने बनवली: लाल रंगात, मोठ्या अक्षरांत ‘आमचं चुकलं’, खाली पागोळ्यांखालच्या बाटलीचं चित्र, शेजारी ‘118’ वर काट आणि ‘40’. आवाज बाटलीवाल्या मुलाचा; त्याने स्वतः मागून घेतला. ही दुरुस्ती पहिलीपेक्षा बरीच दूर गेली. काही पालकांनी ती आपणहून पुढे पाठवली.

‘अतिवृष्टी’ शब्दावरही आम्ही परत आलो. महसूल खात्याच्या लेखी 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. त्यावर शेतकऱ्याची नुकसानभरपाई ठरते. हवामान खात्याच्या पायऱ्या वेगळ्या. आणि टीव्हीवर तर कशालाही अतिवृष्टी म्हणतात. शब्द टोळीने नियम केला की हा शब्द आकड्याशिवाय वापरायचा नाही. दुसरा नियमही त्यांचाच: किमान चार बाटल्यांचे आकडे आल्याशिवाय पोस्ट नाही, मग नऊ वाजोत की दहा.

मला या प्रकरणातून जे सांगायचंय ते इथे आहे. जुलैतला फोटो कुणीतरी दुष्ट माणसाने पसरवला, असं मुलांचं मत होतं. ऑगस्टनंतर ती तसं म्हणेनात. घाई, उत्साह, पहिलं असण्याची हौस, एखादा रंगतदार शब्द, एवढ्यावर चुकीची बातमी उभी राहते हे त्यांनी आतून पाहिलं होतं. स्वतः काही बनवून लोकांपुढे न ठेवता हे कळायला मार्ग नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. मुलांना समाजमाध्यमांपासून नुसतं लांब ठेवणाऱ्या शाळा त्यांना या शिक्षणापासूनही लांब ठेवतात.

आवाज

दुसरी चूक अधिक दुखरी आहे.

मालवणी घरातल्या एका मुलीने तिच्या आजीच्या बोलीत निवेदन केलं होतं. आमच्या सगळ्या पोस्टमध्ये ते सर्वांत सुंदर होतं. स्टाफरूममध्ये आम्ही पुन्हा पुन्हा ऐकलं. इन्स्टाग्रामवर त्याखाली तिच्या बोलण्याची टर उडवणाऱ्या, ‘गावठी’ म्हणणाऱ्या प्रतिक्रिया आल्या. मी संध्याकाळी पाहिल्या. तिने दुपारीच पाहिल्या होत्या, मोठ्या भावाच्या फोनवर. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “बाई, तुम्ही सही घेतलीत, पण हे होईल असं कुठे सांगितलं होतं?”

खरं होतं. वर्षाच्या सुरुवातीला ‘शाळेच्या उपक्रमांचे फोटो-ध्वनिफिती वापरण्यास हरकत नाही’ असा एका ओळीचा कागद सगळ्यांकडून भरून घेतला होता. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. कायद्याचं सोडा, त्या आईला मी समोर बसवून दाखवायला हवं होतं की पोस्ट कुठे जाते, खाली कोण काय लिहू शकतं, काढायची म्हटली तर कशी काढतात. प्रतिक्रिया बंद ठेवण्याची सोय पहिल्या दिवसापासून होती. मला ती सुचली नाही.

पोस्ट काढली. प्रतिक्रिया कायमच्या बंद केल्या. पालकसभेत फोन हातात घेऊन सगळं दाखवलं, आणि प्रत्येक पोस्टला वेगळी संमती घ्यायला लागले, मुलाची आधी, मग पालकांची. मुलगी तीन आठवडे निवेदनाच्या टोळीपासून दूर राहिली. गणपतीच्या सुट्टीनंतर ती गावाहून आजीने सांगितलेल्या पावसाच्या शब्दांची दोन पानं घेऊन आली आणि म्हणाली, “मी लिहिणार, बोलणार नाही.” आम्ही ते मान्य केलं. सप्टेंबरच्या शेवटच्या पोस्टचा मजकूर तिचा होता, मालवणीतच. वाचला आजीने, गावाहून पाठवलेल्या ध्वनिफितीत.

अडलेलं

फोन. 42 मुलांपैकी स्वतःचा फोन असलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यात मुली दोनच. घरचा फोन सकाळी साडेआठला वडिलांबरोबर कामावर जातो. मुलीच्या हाती तो शेवटी येतो, भावानंतर. त्यामुळे आकडे कळवण्यात मुलगे पुढे राहिले आणि मला ते ऑगस्ट संपेपर्यंत दिसलंच नाही. मुली आळस करतात असं मी समजत होते. यंदा आकडे फोनवर न मागता शाळेच्या दारात फळा ठेवायचं ठरवलंय, येताना खडूने लिहायचं. पोस्टला उशीर होईल. होऊ दे.

बाटल्या नव्या आठवीकडे गेल्या आहेत. गच्चीच्या किल्लीसाठी बाटलीवाल्या मुलाने, आता तो नववीत आहे, सोसायटीला स्वतः अर्ज लिहिला. सोबत दोन्ही कार्डं जोडली, 118 चं आणि 40 चं. सेक्रेटरींनी किल्ली दिली, सकाळी सव्वाआठ ते पावणेनऊ एवढ्याच वेळेसाठी.